पाणी पांढरट झालं म्हणून टाकी धुतली, परत धुतली: नव्या फिशटँकचं एक पूर्ण प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीच्या घरचं. पुणे, वाघोलीची बाजू, मे महिना. तिला विचारूनच लिहितोय आणि जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण नवीन टँक आणलेल्या घरांमध्ये हे अगदी असंच होताना मी वर्षानुवर्षं बघत आलोय. दोन-तीन दिवसांत पाणी पांढरट होतं, घरातले घाबरतात, सगळं पाणी काढून टाकी घासूनपुसून धुतात, एक दिवस छान दिसतं, परत पांढरट, परत धुणं, आणि या गडबडीत एकेक मासा जातो. मग घरात ठरतं की पाणी घाण झालं म्हणून मासे मेले. बहुतेक वेळा ते धुण्याने मेलेले असतात.

टाकी आणि मासे

टाकी दोन फुटी. 24 इंच लांब, 12 रुंद, 15 उंच. सेंटिमीटरमध्ये 60 गुणिले 30 गुणिले 38, त्याला 1000 ने भागलं की 68 लिटर येतात, पण खाली खड्यांचा थर आणि वर दोन-तीन बोटं मोकळी जागा धरली तर प्रत्यक्षात पाणी 55 लिटरच्या आसपास. हा आकडा प्रत्येकाने आपल्या टाकीचा काढून ठेवायला हवा कारण औषध, मीठ, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रव) सगळं यावरच मोजायचं असतं, "दोन फुटी टाकीला एक झाकण" असं नाही.

सामान नेहमीचंच. निळे-पांढरे रंगीत खडे, पाण्यात बुडवून लावायचा स्पंजवाला फिल्टर, प्लॅस्टिकची झाडं, वर लाइटचा हूड, मागे समुद्राचं पोस्टर. मासे चार गोल्डफिश, दोन टायगर शार्क आणि "काच साफ करतो" म्हणून दिलेला एक सकर. भाच्याचा वाढदिवस होता. दुकानातला माणूस घरी येऊन टाकी लावून गेला, नळाचं पाणी भरलं, अँटीक्लोरीनचे थेंब टाकले आणि अर्ध्या तासात मासे आत.

आता यात पहिल्याच दिवशी काय अडचण होती ते सांगतो. गोल्डफिश दिसायला गोंडस पण शी करण्यात एक नंबर, त्याला 55 लिटरमध्ये एकटा ठेवला तरी जागा कमीच पडते. टायगर शार्क म्हणून जो विकतात तो खरा शार्क नाही, ती पंगॅसियस नावाची मागूरच्या गोत्यातली मासळी आहे, हॉटेलात बासा म्हणून जे फिले मिळतात ते बहुतेक याचंच, आणि तो मोठा झाला की मीटरभराच्या वर जातो. सकरही फूट-दीड फूट होतो. म्हणजे बोटाएवढे सात मासे घेतले असं घरच्यांना वाटत होतं, खरं तर त्या टाकीला कधीच न झेपणारं ओझं घेतलं होतं. आणि हे सगळं ओझं अशा फिल्टरवर ज्याच्या स्पंजात अजून काहीच जिवंत नव्हतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. सोसायटीत काही दिवस नळाचं पाणी, काही दिवस टँकरचं, आणि टँकर म्हणजे बोअरचं. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधोमध) वरच्या बाजूला. बहिणीच्या बाथरूमच्या नळांवर पांढरी खपली धरते त्यावरूनच कळत होतं. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

काय काय झालं

पहिल्या संध्याकाळी पाणी थोडं गढूळ होतं, ती खड्यांची धूळ. रंगीत खडे बालदीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळावे लागतात, इथे एकदाच धुवून टाकलेले. सकाळपर्यंत धूळ बसली, सगळे खूश. शाळेला सुट्टी, त्यामुळे भाचा दिवसातून तीनदा दाणे टाकायचा, बहिणीच्या सासूबाई पूजा झाली की चिमूटभर टाकायच्या, जावईबापू ऑफिसातून आले की त्यांची एक चिमूट. कोणी कोणाला विचारत नव्हतं आणि गोल्डफिश तर कधीही बघा तोंड वर करून मागतच असतात, त्यांना जठर हा अवयवच नसतो, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे पोट भरलं म्हणून थांबणं त्यांच्याकडून फारसं होत नाही. जे खाल्लं नाही ते खड्यांच्या फटीत जाऊन फुगत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मागचं पोस्टर दिसेना. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, सगळं पाणी बदला आणि फिल्टर स्वच्छ धुवा. मग मासे बालदीत, टाकी रिकामी, खडे नळाखाली चोळून धुतले, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरं पाणी यायचं थांबेपर्यंत धुतला, टाकी परत भरली. एक दिवस काच चकचकीत. त्यानंतर परत तेच धुवण. परत सगळं तसंच धुतलं, या वेळी टँकरचं पाणी आलेलं होतं, घाईत अँटीक्लोरीन अंदाजाने. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोल्डफिश तळाशी पडलेला.

तेव्हा बहिणीचा मला फोन आला आणि तिचं पहिलंच वाक्य होतं, "दादा, पाणी आत्ता एकदम स्वच्छ आहे रे, मग मासा गेला कसा?"

या प्रश्नातच सगळं प्रकरण आहे.

आधी पांढरट म्हणजे नेमकं काय ते ठरवलं

पाणी ढगाळ होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून आधी ते ओळखायला लागतं. पाणी भरल्या भरल्या गढूळ दिसलं तर धूळ. हिरवं झालं तर शेवाळ, पाण्यात तरंगणारं एकपेशीय, खिडकीतलं ऊन किंवा दिवसभर चालू ठेवलेला लाइट हे त्याचं कारण. तपकिरी पण आरपार दिसतंय तर लाकडातून उतरलेला रंग, त्याने काही बिघडत नाही. आणि टाकी लावल्यावर दोन-चार दिवसांनी दुधाळ पांढरं झालं, वास फारसा नाही, हलवलं न हलवलं तरी तसंच, तर ते जवळपास नक्की बॅक्टेरिया.

बहिणीला एक साधी गोष्ट करायला सांगितली. दुसऱ्यांदा धुतल्यावर दोन दिवसांत पाणी परत पांढरट व्हायला लागलंच होतं, तेव्हा काचेच्या उभ्या ग्लासात टाकीतलं पाणी घे, ओट्यावर कोपऱ्यात ठेव, रात्रभर हात लावू नको. धूळ असती तर सकाळी वरचं पाणी नितळ आणि तळाला पांढरी रेघ दिसली असती. तिने सकाळी फोटो पाठवला, ग्लासच्या मागे वर्तमानपत्र धरलेलं, वरपासून खालपर्यंत अक्षरं सारखीच पुसट. तळाला काहीच नाही. म्हणजे जे काही होतं ते पाण्यात तरंगत होतं आणि जिवंत होतं.

दोन प्रकारचे बॅक्टेरिया, आणि वेगाचा फरक

हे जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. नवीन टाकीत दोन वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियांची वाढ सुरू होते. एक जात सेंद्रिय कचऱ्यावर जगते, म्हणजे फुगलेले दाणे, शी, माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर. हे बॅक्टेरिया पाण्यात मोकळे तरंगू शकतात आणि खायला भरपूर मिळालं तर तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात. त्यामुळे रात्री स्वच्छ असलेलं पाणी सकाळी दुधाळ. दुसरी जात अमोनियावर जगते. नायट्रोसोमोनास वगैरे अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे पाण्यात तरंगत बसत नाहीत, स्पंजाला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात, आणि यांची वाढ फार संथ, सगळं मनासारखं असलं तरी दुप्पट व्हायला यांना अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. नव्या टाकीत यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, यालाच आपण टाकी सायकल होणं म्हणतो.

आता टाकी धुतल्यावर काय होतं बघा. पहिली जात धुवून गेली तरी तासातासाला दुप्पट होणारी, खड्यांच्या फटीत खाणं उरलेलं असतंच आणि दाणे टाकणं चालूच असतं, दोन दिवसांत परत हजर. दुसरी जात मात्र स्पंजावर जेमतेम धरायला लागली होती, ती स्पंज नळाखाली पिळला तिथेच गेली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळं क्लोरीन शिल्लक असावं लागतं, ते माणसासाठी चांगलंच आहे पण स्पंजातल्या जिवांना आणि माशांच्या कल्ल्यांना चालत नाही. म्हणजे प्रत्येक धुण्यात जे नको होतं ते दोन दिवसांसाठी गेलं आणि जे हवं होतं ते मुळासकट गेलं. टाकी प्रत्येक वेळी पहिल्या दिवसावर.

ढगाळपणा हा स्वतः फार वाईट नाही, एक गोष्ट सोडून. हे तरंगणारे बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात. आणि मे महिन्यात पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, 25 अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशाला साडेसात. बहिणीची टाकी दुपारी 30 च्या पुढे जात होती आणि गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा. त्यामुळे एअर पंप आणि एअर स्टोन लगेच मागवायला सांगितलं, रात्रंदिवस चालू, आवाज येतो म्हणून रात्री बंद करायचा नाही.

तुरटीचा विषय

सासूबाईंनी सुचवलं होतं की तुरटी फिरवून बघू. मला हे मनापासून सांगायचंय की त्यांचं तर्कशास्त्र बरोबर होतं. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी तुरटीने निवळवणं त्यांनी आयुष्यभर केलंय, पाणीपुरवठ्याच्या शुद्धीकरण केंद्रातही तुरटी किंवा तिच्याच जातीचं अॅल्युमिनियमचं रसायन घालून गाळ खाली बसवतात. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. पण तिथे पाणी निवळल्यावर वरचं काढून घेतात, खालचा गाळ टाकून देतात. टाकीत मासे त्या गाळातच राहणार. शिवाय तुरटीने पाण्याची आम्ल सोसायची ताकद कमी होते, पीएच खाली जातो, आणि अशा पाण्यात अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना त्रास देतं. आणि मूळ कारण, ते खड्यातलं अन्न, ते तिथेच. पाणी क्लिअर करायच्या ज्या बाटल्या दुकानात मिळतात त्यातल्या बऱ्याच याच तत्त्वावर चालतात. धुळीला ठीक, बॅक्टेरियाला दोन दिवसांचा दिलासा. सासूबाईंना फोनवर हे सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग राहू दे, त्यांच्या अंगाला लागायला नको."

खरी मोजणी

मग मी गेलो, टेस्ट किट आणि माझ्या चालू टाकीतला एक जुना स्पंज घेऊन. थेंबांची किट असते तीच घ्यावी, पट्ट्या फार ढोबळ दाखवतात. अमोनियाच्या टेस्टमध्ये काचेच्या नळीत 5 मिलि पाणी, दोन बाटल्यांचे थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य, जितकं हिरवं तितका अमोनिया. भाचा नळी धरून खिडकीपाशी उभा होता आणि नळीतलं पाणी पिवळ्यावरून पोपटी, पोपटीवरून गडद हिरवं होत गेलं. कार्डावर 2 चा रंग, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम. पीएच 8. पाण्याचं तापमान 30.

या तीन आकड्यांचा एकत्र अर्थ लावायचा असतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक अमोनियम म्हणून, तो माशांना फारसा त्रास देत नाही, आणि एक मोकळा अमोनिया, तो कल्ले जाळतो. कोणत्या रूपात किती ते पीएच आणि तापमान ठरवतं. पीएच 7 आणि 30 अंश असेल तर विषारी रूप एका टक्क्याच्याही खाली. पीएच 8 आणि तेच 30 अंश, तर साडेसात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा पट. 2 चे साडेसात टक्के म्हणजे 0.15, आणि 0.05 च्या पुढे गेलं की कल्ल्यांना इजा व्हायला लागते असं धरतात. तर बोअरचं पाणी आणि पुण्याचा मे, दोन्हींनी मिळून साधा वाटणारा आकडा घातक केला होता. मेलेल्या गोल्डफिशचे कल्ले लालबुंद होते असं बहिणीने सांगितलं, तेही याच्याशी जुळतं. त्यात दोनदा सगळंच्या सगळं पाणी बदललं, तापमान बदललं, पीएच बदलला, क्लोरीनचा अंदाज चुकला. एका बोटाएवढ्या जिवावर हे सगळं एकाच आठवड्यात.

आणि लक्षात घ्या, यातला कुठलाच आकडा काचेतून दिसत नाही. अमोनियाला रंग नाही.

काय ठरवलं

खाणं पहिलं. दोन दिवस पूर्ण बंद, मासे उपाशी मरत नाहीत, गोल्डफिश आठवडाभर सहज काढतात. नंतर एक दिवसाआड, एकाच माणसाने, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दाण्यांचा डबा बहिणीने कपाटात वर ठेवला आणि दिवसाआडचं काम भाच्याला दिलं, कॅलेंडरवर खूण करून. हे त्याने फार जबाबदारीने केलं.

पाणी रोज चौथा हिस्सा बदलायचं, त्याहून जास्त नाही, सायफनच्या पाइपने खड्यात टोक खुपसून, म्हणजे पाण्याबरोबर तिथला कुजलेला ऐवजही निघतो. नवीन पाणी आदल्या दिवशी बालदीत भरून त्याच खोलीत ठेवायचं, म्हणजे तापमान जुळतं, आणि बालदीचे लिटर मोजून अँटीक्लोरीन. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं तिथे पडदा, आणि दुपारी हूडचं झाकण उघडं, समोर टेबल फॅन, वाहत्या हवेने पाणी दोन-तीन अंश उतरतं.

फिल्टरला हात लावायचा नाही. अगदीच धार मंदावली तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, म्हणजे जे फेकणारच आहोत त्यात, स्पंज दोनदा हलकासा दाबायचा, तपकिरी राहिला तरी राहू द्यायचा, तो तपकिरी रंगच कमाईचा आहे. माझा जुना स्पंज फिल्टरच्या तोंडाशी नायलॉनच्या दोऱ्याने बांधला. माझ्या टाकीत कित्येक महिने रोग नाही म्हणून आणला, नाहीतर दुसऱ्याच्या टाकीतलं काही आणताना हा विचार करायलाच हवा. बॅक्टेरियाच्या बाटल्या मिळतात त्यातल्या काही चालतात काही नाही, उन्हातान्हात किती दिवस पडून होत्या त्यावर आहे, चालू टाकीतला ओला स्पंज मला कधीही जास्त भरवशाचा वाटतो.

शार्क आणि सकर दुकानात परत दिले, त्यांनी बदल्यात खाणं दिलं. भाचा म्हणाला नदीत सोडू या, तिथे त्यांना जागा मिळेल. त्याला सांगितलं की सकर इथला नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे, आपल्या नद्या-तलावांत लोकांनी सोडून सोडून तो पसरलाय आणि इथल्या माशांची अंडी, खाणं, काठ सगळ्याची वाट लावतो. त्याला ते पटलं. टाकीच्या मागच्या कडेला मनी प्लांटच्या तीन फांद्या अडकवल्या, मुळं पाण्यात पानं बाहेर. घरात बाटलीत होताच. तो अमोनिया-नायट्रेट दोन्ही ओढतो.

लाइट गेली ती संध्याकाळ

एवढं सगळं लावून चार-पाच दिवस झाले होते, पाणी अजून दुधाळच, आणि वळवाचा पाऊस आला. वाऱ्याने कुठेतरी तार तुटली आणि संध्याकाळपासून लाइट नाही. फिल्टर बंद, एअर पंप बंद. तासाभरात तिन्ही मासे वरती, तोंड पाण्याच्या रेषेला लावून हवा गिळतायत. ढगाळ पाण्यात लाइट जाणं हा खरा धोका असतो, कारण ऑक्सिजन खाणारे लाखोंनी आणि आत येणारा जवळपास शून्य. बहिणीला फोनवर सांगितलं की मग्ग्याने टाकीतलंच पाणी घे आणि हातभर वरून धार धरून ओत, थांबू नको. घरातले आळीपाळीने करत राहिले, टॉर्चच्या उजेडात, दर दहा मिनिटांनी दोन-तीन मिनिटं. बालदीत मुरलेलं पाणी होतंच, त्यातलं थोडं बदललं. मासे हळूहळू खाली गेले. उशिरा लाइट आली तेव्हा फिल्टर सरळ सुरू न करता आधी स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्यायला सांगितला, कारण बंद फिल्टरच्या आत साचलेलं पाणी कुजतं आणि चालू केल्यावर सगळं एकदम टाकीत येतं. दुसऱ्या दिवशी यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणला, पॉवर बँकेवर रात्रभर चालतो. ज्यांच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते त्यांनी मासे आणायच्या आधी हा आणावा.

पाणी स्वच्छ झालं, आणि खरी काळजी सुरू झाली

दुसरा आठवडा संपता संपता पाणी आपोआप निवळलं. कुठलंही औषध नाही. खाणं कमी झाल्यावर तरंगणाऱ्या बॅक्टेरियांना खायला उरलं नाही, एवढंच. एके सकाळी बहिणीने फोटो पाठवला, मागचं पोस्टर स्वच्छ दिसतंय, खाली लिहिलेलं, "झालं दादा!" घरात आनंद, खाणं वाढवायची मागणी, नवीन मासे आणायची चर्चा.

मी टेस्ट करायला सांगितली. अमोनिया 0.25, छान. नायट्राइटची नळी मात्र आकाशीवरून थेट जांभळी. 2 च्या आसपास. मासे फिल्टरच्या धारेपाशी एकाच जागी तरंगत होते, पर मिटलेले.

हा टप्पा बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि इथेच पुढचे मासे जातात. अमोनिया खाणारे बॅक्टेरिया आधी जम धरतात, ते अमोनियाचं नायट्राइट करत सुटतात, पण नायट्राइट खाणारे अजून पुरेसे झालेले नसतात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं, हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं, पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाचा श्वास अपुरा पडतो. पाणी काचेसारखं नितळ आणि मासा आतून गुदमरलेला.

याला आपल्या स्वयंपाकघरातलंच औषध आहे, मीठ. नायट्राइट आणि क्लोराइड दोन्ही कल्ल्यांच्या एकाच वाटेने आत शिरतात, क्लोराइड जास्त असलं की नायट्राइटला शिरायला जागा कमी मिळते. यासाठी मूठभर मीठ लागत नाही. 55 लिटरला खडेमिठाचा एक चमचा, साधारण 5-6 ग्रॅम, म्हणजे लिटरला दहावा भाग ग्रॅम, त्यातून लिटरला 60 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड मिळतं आणि 2 च्या नायट्राइटला ते पुरून उरतं. तांब्याभर टाकीच्या पाण्यात विरघळवून हळूहळू ओतलं. रोज जेवढं पाणी बदलेल तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मासे धारेपासून हलले, पर उघडले. खाणं मात्र वाढवलं नाही, यावर घरात थोडी नाराजी झाली पण बहीण ठाम राहिली.

नायट्राइट बरेच दिवस जांभळ्यावरच अडून राहिलं, मग तीन-चार दिवसांत एकदम उतरलं. पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेटची नळी नारिंगी, 20 च्या जवळ, म्हणजे टाकी सायकल झाली. नायट्रेटची टेस्ट करताना दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेलं रसायन मिसळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. मधल्या काळात काचेवर तपकिरी पातळ थर आला, तो डायटम नावाच्या बारीक शेवाळाचा, नव्या टाकीत येतोच, जुन्या बँक कार्डाने खरवडून काढला.

आत्ता काय चाललंय

आता आठवड्यातून एकदा 30 टक्के पाणी, खड्यांत सायफन, महिन्यातून एकदा काढलेल्या पाण्यात स्पंजाला दोन दाब. मीठ बंद. टँकरचं पाणी आलं की बहीण बालदीतला पीएच बघून घेते आणि नळाचं आणि टँकरचं एकत्र करून मुरवते म्हणजे उडी कमी बसते. मनी प्लांटची मुळं गोल्डफिशनी कुरतडली तरी वाढ जोरात आहे. पाणी मध्ये एकदा पाहुणे आले तेव्हा हलकंसं पांढरट झालं, लहान मुलांनी दाणे टाकले होते, यावेळी कोणी टाकी धुतली नाही, दोन दिवस खाणं बंद ठेवलं आणि टेस्ट केली, अमोनिया शून्यच होता, पाणी निवळलं.

तीन गोल्डफिशना 55 लिटर कमी आहे हे घरच्यांना मान्य आहे. दिवाळीपर्यंत तीन फुटी टाकी घ्यायची ठरलंय, 90 बाय 45 बाय 45, म्हणजे 180 लिटरच्या थोडी वर, आणि नवीन मोठा फिल्टर आधी महिनाभर याच टाकीत जुन्याच्या शेजारी चालवायचा, मग जुना, नवा आणि खडे तिन्ही एकाच दिवशी न वाळवता तिकडे न्यायचे. दुकानवाल्याने टाकीबरोबर चार नवीन मासे फुकट देऊ केलेत, बहिणीने त्याला सांगितलंय की ते महिन्याने, टेस्ट करून मगच घेईन.